मेळाव्याच्या जागी बिनतारी जाळे : आखणी आणि उभारणी

(तालुक्यातील केंद्रप्रमुख व प्राथमिक शिक्षक यांच्या सहविचार सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या आजच्या विषयाचे नाव आपणांस थोडे अपरिचित वाटेल. परंतु वस्तू रोजच्या परिचयाची आहे. ज्यास आपण सारे ‘वाय-फाय’ म्हणतो, ते बिनतारी जाळे एखाद्या प्रशिक्षणासाठी, विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा शिक्षण परिषदेसाठी ठरलेल्या जागी कसे उभारावे आणि तत्पूर्वी त्याची आखणी कशी करावी, एवढेच मला मांडावयाचे आहे. हे काम एखाद्या जाणत्या माणसाकडे सोपवून आपण मोकळे व्हावे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटत असेल. त्या मताशी मी सहमत नाही. मांडव घालणारा मांडववाला असतो हे खरे; पण मांडव किती माणसांचा, त्याचे तोंड कोणत्या दिशेस आणि पाऊस आलाच तर पाणी कोठे काढावयाचे, हे यजमानासच सांगावे लागते. यजमानास ते ठाऊक नसेल तर मांडववाला आपल्या सोयीने खांब पुरतो आणि निघून जातो.

ह्या विषयाकडे माझे लक्ष ज्या कारणाने वेधले गेले ते प्रथम सांगतो. एका तालुक्यातील प्रशिक्षणाची ही हकीकत आहे. गावाचे वा संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. सव्वाशे शिक्षक एका लांबट सभागृहात जमले होते. हजेरी मोबाइलवरील ॲपमध्ये लावावयाची होती आणि त्यासाठी व्यासपीठामागे एका टेबलावर घरगुती वापराचा एकच राउटर ठेवलेला होता. साडेदहाच्या ठोक्यास सव्वाशे मोबाइल एकाच वेळी त्याच्याकडे धावले. पुढच्या रांगांतील वीस-पंचवीस जणांची नोंद झाली. ज्यांच्या स्वतःच्या मोबाइलला रेंज होती त्यांनी पदरचा डेटा खर्चून आपापली नोंद केली. डोंगराकडील शाळांवरून पहाटेची एस. टी. धरून आलेले, उशीर झाल्यामुळे मागच्या भिंतीशी बसलेले जे शिक्षक होते, त्यांच्या नावापुढे मात्र दिवसभर ‘अनुपस्थित’ हाच शब्द राहिला. त्यांपैकी एका एकशिक्षकी शाळेच्या बाईंना तो दिवस हजर म्हणून मांडून घेण्यासाठी पुढे कित्येक महिने पत्रव्यवहार करावा लागला. त्या दिवशी त्यांची शाळा बंद होती, मुले घरी होती, बाई प्रशिक्षणास आलेल्या होत्या आणि कागदोपत्री त्या कोठेच नव्हत्या.

‘नेट गेले’ असे दोन शब्द त्या दिवशी सर्वांच्या तोंडी होते. वस्तुतः नेट गेलेले नव्हते. सभागृहापर्यंत आलेली जोडणी उत्तम चालू होती. जे मोडले ते आतले जाळे. ह्या दोहोंतील भेद समजला म्हणजे निम्मा विषय समजला, असे मी मानतो.

आपल्या गावच्या नळयोजनेचे उदाहरण घ्या. टाकीपासून वाडीपर्यंत एक मोठी नळी येते; तेथून घरोघर तोट्या निघतात. मोठी नळी म्हणजे इंटरनेटची बाहेरून आलेली जोडणी, मग ती ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरची असो वा सिमकार्डाच्या राउटरची. तोट्या म्हणजे सभागृहातील बिनतारी जाळे. नळी एक इंची असेल आणि तोट्या शंभर असतील तर प्रत्येक तोटीस थेंबथेंब पाणी येईल. तोट्या बदलून उपयोग नाही. उलट नळी चांगली चार इंची आहे, पण शंभर घरांना मिळून तोटी एकच आहे, तर रांग लागेल. नळी मोठी करून उपयोग नाही. मोबाइलवर रेंजच्या साऱ्या रेघा दिसत असतात आणि पान उघडत नाही, तेव्हा बहुधा पहिल्या प्रकारचे दुखणे असते. रेघाच दिसत नाहीत, किंवा राउटरजवळ सुरळीत चालते आणि मागे चालत नाही, तेव्हा दुसऱ्या प्रकारचे. औषध देण्यापूर्वी दुखणे कोणते ते पाहावे.

म्हणून आखणीचा आरंभ यंत्रांच्या यादीने न करता प्रश्नाने करावा : जमणारी माणसे ह्या जाळ्यावर नेमके काय करणार आहेत? हजेरीची नोंद किंवा एखादा प्रश्नसंच भरणे ह्यास फारच थोडा डेटा लागतो. चित्रफीत पाहावयाची असेल तर साध्या स्पष्टतेसाठीही प्रत्येकी सेकंदास एक ते दोन मेगाबिट धरावे लागतात. शंभर जणांनी आपापल्या मोबाइलवर एकाच वेळी पाहिली तर शंभर ते दोनशे मेगाबिट झाले. आता तीच चित्रफीत एका पडद्यावर सर्वांस दाखविली तर काम दोन मेगाबिटांत भागते. जेथे प्रोजेक्टर पुरतो तेथे शंभर मोबाइलांचा हट्ट का धरावा, हे मला अद्याप कळलेले नाही.

येथे काळ-काम-वेगाचे एक उदाहरण फळ्यावर सोडवू. प्रशिक्षणाचे साहित्य २०० मेगाबाइटचे आहे आणि १०० शिक्षकांनी ते तेथेच उतरवून घ्यावयाचे आहे. एकूण झाले २०,००० मेगाबाइट. जोडणीचा वेग कंपनी सांगते तो मेगाबिटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. तेव्हा आठाने गुणून १,६०,००० मेगाबिट झाले. जोडणी सेकंदास ५० मेगाबिटांची असेल, तर भागाकार ३,२०० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटे २० सेकंद. हा हिशेब जोडणी एक क्षणही न अडखळता पूर्ण वेगाने चालली तर. प्रत्यक्षात दीड तास धरा. मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘साहित्य उतरविणे – १० मिनिटे’ असे लिहिणाऱ्याने हा भागाकार केलेला नसतो. सातवीच्या मुलांना हे गणित अवश्य घालावे. बिट आणि बाइट ह्यांचा घोटाळा मोठ्या माणसांतही सार्वत्रिक आहे.

ह्यावर एक तोड आहे आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते. बिनतारी जाळे चालण्यास इंटरनेट असावेच लागते असे नाही. एका लॅपटॉपवर किंवा हाताच्या तळव्याएवढ्या रास्पबेरी पाय ह्या संगणकावर सारे साहित्य आधीच साठवून तो राउटरला तारेने जोडला, तर सभागृहातील प्रत्येक मोबाइलला ते साहित्य बाहेरच्या जोडणीवाचून मिळू शकते. विकिपीडियासारखा ज्ञानकोश असा साठवून वाचण्यासाठी किविक्स नावाचे आणि शैक्षणिक साहित्यासाठी कोलिब्री नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. ज्या शाळेत फायबर पोचलेले नाही आणि मोबाइलची रेंज शाळेमागच्या टेकडीवर चढल्यावरच मिळते, त्या शाळेसही एक राउटर व एक लहान संगणक ह्यांवर वाचनालय चालविता येईल. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील दुर्गम शाळांना ह्या एका गोष्टीचा जितका उपयोग आहे तितका वेगवान जोडणीच्या आश्वासनांचा नाही.

आता ह्या लहरींचा स्वभाव पाहू. तो कळल्यावाचून यंत्र कोठे टांगावे हे ठरविता येत नाही. बिनतारी लहरींचे आपल्या देशास अप्रूप नाही. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच सूक्ष्म लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती आणि बंदुकीची दारू पेटविली होती. आजचे वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंतीतून अधिक सहज पलीकडे जाते आणि दूर पोचते. आखूड लहर लवकर थकते, पण तिच्या पट्ट्यात जागा पुष्कळ असल्यामुळे गर्दी सोसते. हे पट्टे ठराविक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरण्यास भारत सरकारने मुभा दिलेली आहे. २.४ चा पट्टा २००५ साली मोकळा झाला आणि ५ चा पट्टा २०१८ साली बराच वाढविण्यात आला. विनापरवाना म्हणजे सर्वांस खुला, आणि सर्वांस खुला म्हणजे गजबजलेला, हे ओघानेच आले.

भिंतीभिंतींत फरक असतो. कापडी मांडवाचा अडथळा नाहीच म्हणावे. विटांची भिंत थोडे अडविते. लोकल बोर्डाच्या काळातील आपल्या जुन्या शाळांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंती पुष्कळ अडवितात. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट त्याहून वाईट. आणि पत्रा तर लहरींना जवळजवळ पूर्ण परतवून लावतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले यंत्र शेडबाहेरील अंगणास निरुपयोगी ठरते ते ह्याच कारणाने. येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. कित्येक शाळांत राउटर चोरीस जाईल ह्या भीतीने तो मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात कुलपात ठेवलेला मी पाहिला आहे. वायरीपुरती फट ठेवलेली असते. भीती खोटी नाही. परंतु लोखंडी कपाटात ठेवलेला राउटर म्हणजे रांजणात तोंड घालून केलेले भाषण होय. कुलूप हवेच असेल तर लाकडी जाळीची पेटी करून ती भिंतीवर उंच ठोकावी.

आणखी एक अडथळा आपण विसरतो, तो म्हणजे माणूस. मनुष्यदेहात पाण्याचा अंश मोठा आणि पाणी ह्या लहरी शोषून घेते. रिकाम्या सभागृहात हातात मोबाइल घेऊन फिरून आलेला मनुष्य ‘सगळीकडे रेंज आहे’ असा निर्वाळा देतो; दुसऱ्या दिवशी तेथे शंभर माणसे बसली की तीच रेंज डोक्यांच्या समुद्रात बुडते. यास्तव यंत्र टेबलावर न ठेवता आठ-दहा फूट उंचीवर, म्हणजे बसलेल्यांच्याच नव्हे तर उभे राहिलेल्यांच्याही डोक्यांवर असावे, आणि शक्य तो टोकाशी नसून मध्याकडे असावे.

(ह्या लहरींनी मुलांना अपाय होईल काय, असे पालक विचारतात. घरगुती राउटरची शक्ती सुमारे एक दशांश वॅट असते आणि अंतराबरोबर ती झपाट्याने ओसरते, एवढे त्यांस शांतपणे सांगावे.)

एका यंत्रावर किती माणसे बसवावीत? ह्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण ते का देता येत नाही हे सांगता येते. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी बेटाबेटांवर विखुरलेली केंद्रे मुख्य संगणकास रेडिओने जोडली. सर्वांस मिळून लहर एकच. मग कोणी केव्हा बोलावे? त्यांनी नियम ठेवला तो असा : बोलावयाचे असेल त्याने बोलावे, दोघे एकदम बोलल्याने शब्द बिघडले तर प्रत्येकाने मनास येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे. १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण निश्चित झाले तेव्हा त्यात ‘बोलण्यापूर्वी ऐका’ ह्या नियमाची जोड होती. हे चित्र आपणांस नवीन नाही. वर्गात शिक्षक नसता एखादी समंजस मुलांची तुकडी अशीच चालते : कोणी बोलत नाही हे पाहून एक जण बोलतो, दोघे एकदम बोलले तर दोघेही थबकतात. दहा मुलांत हे छान चालते. साठ मुले झाली की निम्मा वेळ थबकण्यातच जातो.

ह्यात एक मर्म आहे. यंत्रापासून दूर बसलेला मोबाइल क्षीण ऐकू येतो, म्हणून त्याच्याशी बोलताना यंत्र आपला वेग उतरविते, आणि तो बोलत असेतोवर इतर सर्व खोळंबतात. वाचनाच्या तासाला अडखळत वाचणाऱ्या मुलाची पाळी लांबते तसे. तेव्हा मागच्या भिंतीशी बसलेल्याची गैरसोय ही त्याची एकट्याची राहत नाही. पुढे बसलेल्यांचेही जाळे त्यामुळे मंदावते. सभागृहाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्याची सोय आधी पाहावी असे मी म्हणतो, ते केवळ दयाबुद्धीने नव्हे. हिशेबही तेच सांगतो.

घरगुती राउटर पंचवीस-तीस मोबाइलांच्या पुढे अडखळू लागतो असा माझा अनुभव आहे. सभा-संमेलनांसाठी बनविलेली जी यंत्रे असतात, ज्यांस ॲक्सेस पॉइंट म्हणतात, ती याहून पुष्कळ अधिक भार घेतात; तरीही सव्वाशे माणसांच्या सभागृहास मी दोन किंवा तीन यंत्रे धरीन. मात्र तीनही यंत्रे एकाच सुरात बोलू लागली तर तीन लावल्याचा लाभ नाही. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, परंतु ते एकमेकांवर चढलेले असल्याने परस्परांस न अडविणारे सोयीस्कर चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एका पडवीत चौथीची पाढ्यांची उजळणी आणि तिसरीची कविता शेजारी-शेजारी चालते तेव्हा काय होते, हे द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्यास समजावून सांगावयास नको. यंत्रे तीनांहून अधिक लागत असतील तर बाकीच्यांस ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसवावे, आणि प्रत्येकाची शक्ती थोडी कमीच ठेवावी. मोठ्याने ओरडणारे यंत्र आपल्या कोपऱ्यापलीकडच्यांनाही गप्प बसविते.

ह्याच कारणास्तव मेळाव्यात कोणी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करू नये, अशी घोषणा प्रारंभीच करावी. शेजाऱ्यास मदत म्हणून चालू केलेले दहा हॉटस्पॉट म्हणजे सभेत एकदम उभे राहिलेले दहा वक्ते होत. तसेच, मोबाइल वाय-फायला जोडला जाताच त्यातील छायाचित्रे साठवणीस पाठविण्याचे व ॲप अद्ययावत करण्याचे काम पाठीमागे आपोआप सुरू होते. मालकास त्याचा पत्ताही नसतो. मेळाव्यापुरते ते बंद ठेवण्यास सांगावे. ह्या दोन घोषणांस पैसा पडत नाही आणि कित्येकदा त्यांनीच काम भागते.

यंत्रे परस्परांस जोडावयाची कशी, ह्याविषयी बाजारात मोठा मोह आहे. एक यंत्र दुसऱ्याचे बिनतारी ऐकून पुढे पोचविते, तार ओढण्याचा त्रास नाही, असे विक्रेता सांगतो. ते चालते; पण तेच यंत्र त्याच चॅनेलवर एकदा ऐकणार आणि एकदा बोलणार, त्यामुळे वेग साधारण अर्ध्यावर येतो. बिनतारी जाळ्याचा कणा तारेचाच असावा. साधी तांब्याची नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२८ फुटांपर्यंत, विश्वासाने चालते. काही यंत्रांस त्याच केबलमधून वीजही देता येते, त्यामुळे उंच भिंतीवर निराळा प्लग काढावा लागत नाही. केबल भिंतीच्या कडेने न्यावी. सतरंजीखालून नेली तर दुपारपर्यंत ती कोणाच्या तरी पायात येतेच. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून ओढणे टाळावे. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. तेथे फायबर घालावे.

हाच प्रश्न ग्रामपंचायत आणि शाळा ह्यांमध्ये येतो. २०११ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून पुष्कळ ग्रामपंचायतींपर्यंत फायबर आलेले आहे. शाळा मात्र तेथून पाव-अर्धा किलोमीटर दूर असते. फायबर वाढविणे शक्य नसेल तर दोन्ही छपरांवर एकमेकांकडे तोंड करून दिशादर्शी ॲन्टेना बसविता येतात. मधे दृष्टी स्वच्छ हवी. वैशाखात असा दुवा जोडून दाखविला जातो, सत्कार होतो, आणि आषाढात तो तुटतो. मधल्या झाडाला पालवी आलेली असते आणि ओली पाने पाण्याच्या भिंतीसारखी काम करतात. झाड तोडावयाचे नाही. खांब उंच करावा, किंवा जागा बदलावी, आणि हे वैशाखातच पाहून ठेवावे.

आता एक बारीक परंतु फसवा दोष सांगतो. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक मोबाइलला राउटर एक क्रमांक देतो. हे क्रमांक साध्या मांडणीत २५४ पेक्षा अधिक नसतात आणि कित्येक राउटरांत कारखान्यातूनच शंभराच्या आसपास ठरविलेले असतात. दिलेला क्रमांक ठराविक मुदतीपर्यंत त्या मोबाइलच्या नावे राहतो. ही मुदत पुष्कळदा चोवीस तासांची असते. पहिल्या दिवशी शंभर शिक्षकांची पहिली तुकडी येऊन जाते, सर्व सुरळीत पार पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी तुकडी येते आणि कोणाचाच मोबाइल जोडला जात नाही. रेंज पूर्ण, पासवर्ड बरोबर, बाहेरची जोडणी चालू! झालेले असते ते इतकेच की कालची मंडळी बिल्ले परत न करता घरी गेलेली असतात आणि पेटीत नवे बिल्ले उरलेले नसतात. राउटरच्या मांडणीत ही मुदत दोन तासांवर आणावी आणि क्रमांकांची संख्या वाढवून घ्यावी. यंत्र बसविणाऱ्यास हे आपण विचारले की तो आपणांकडे आदराने पाहू लागतो, हा वरचा लाभ.

विजेविषयी थोडक्यात. राउटरला सुमारे दहा वॅट आणि फायबरच्या पेटीस तितकेच धरले तर वीस वॅट झाले. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास साठतात. कागदावर चार तास, व्यवहारात तीन. पुष्कळ ठिकाणी राउटर बॅटरीवर ठेवतात आणि फायबरची पेटी साध्या प्लगवर राहते; वीज गेली की राउटरचा दिवा जळत राहतो आणि जोडणी मेलेली असते. दोन्ही बॅटरीवर घ्यावीत. अडॅप्टरची अदलाबदल करू नये. काही नऊ व्होल्टचे असतात, काही बाराचे, आणि पिना सारख्या दिसतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. पाहुण्यांचे जाळे आणि कार्यालयाचे जाळे ही दोन वेगळ्या नावांची व वेगळ्या पासवर्डांची असली पाहिजेत. बहुतेक राउटरांत तशी सोय असते. पाहुण्यांचा पासवर्ड फळ्यावर लिहिण्यास हरकत नाही, मेळावा संपताच तो बदलावा म्हणजे झाले. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक ज्यांत भरलेले असतात ती यू-डायस प्लससारखी कामे पाहुण्यांच्या जाळ्यावर बसून करू नयेत. ती माहिती मुलांची आहे, आपण तिचे केवळ सांभाळणारे आहोत. राउटरच्या मांडणीत शिरण्याचा जो मूळ पासवर्ड कारखान्यातून येतो तो पहिल्याच दिवशी बदलावा. आणि बदललेला पासवर्ड, जोडणीचा ग्राहक क्रमांक व यंत्रांच्या जागा दाखविणारा एक नकाशा, हे सर्व बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कार्यभार यादीत ठेवावे. यंत्रे जडवस्तुसंग्रह नोंदवहीत चढतात, पासवर्ड मात्र एका उत्साही शिक्षकाच्या डोक्यात राहतो. त्याची बदली होते आणि पुढील तीन वर्षे त्या शाळेत कोणासही काही बदलता येत नाही. अशा शाळा आपल्या ओळखीच्या आहेत.

तालमीवाचून नाटक उभे राहत नाही. मेळाव्याच्या आदल्या दिवशी गावातील वीस-पंचवीस मोबाइल गोळा करून, ते सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत व मध्ये वाटून, सर्वांवर एकाच क्षणी तोच प्रश्नसंच उघडावा आणि प्रत्येक जागी किती सेकंद लागले ते नकाशावर लिहावे. जेथे आकडा मोठा तेथे यंत्र सरकवावे. वर्गातील मोठ्या मुलांना ह्या कामात घेतले तर ते आनंदाने करतात आणि त्यांच्या नोंदी आपल्यापेक्षा नीटनेटक्या असतात.

इतके करूनही जाळे कोसळू शकते. म्हणून माझे असे निश्चित मत आहे की, कोणत्याही प्रशिक्षणात हजेरी केवळ जाळ्यावर अवलंबून ठेवू नये. दाराशी सहीचा कागद असावा, त्यावर वेळ लिहिली जावी, आणि ॲपमधील नोंद व कागद ह्यांत तफावत आढळल्यास कागद ग्राह्य धरावा. केंद्रप्रमुखांनी आपल्या केंद्रात हे आजपासून सुरू करण्यास वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रश्नसंचाच्या काही छापील प्रती आणि साहित्य भरलेले दोन पेनड्राइव्हही जवळ असू द्यावेत.

आपल्या तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन ह्याच शाळेत भरावयाचे आहे. चहापानानंतर आपण पाच-पाच जणांचे गट करू. प्रत्येक गटाने दोरी आणि टेप घेऊन ह्या इमारतीचा एकेक भाग मोजावा : सभागृह, दोन्ही पडव्या, मागील पत्र्याची शेड आणि पटांगण. एका फुटास एक मिलिमीटर ह्या प्रमाणात नकाशा काढावा. भिंत दगडी की विटांची, प्लग कोठे, फायबरची पेटी कोठे, लोखंडी कपाटे कोठे, हे त्यावर दाखवावे. शेडचा गट माझ्याबरोबर राहील, कारण तेथील काम सर्वांत अवघड आहे. दुपारी दोन वाजता सर्व नकाशे ह्या टेबलावर एकत्र ठेवू आणि यंत्रे किती व कोठे, हे तेव्हाच ठरवू.